चाल कुणाला येते?

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत भांडण लागायला जमिनीचा तुकडा किंवा पंचांची निवडणूकच लागते असं नाही. एक गाणं पुरतं. रविवारी उपासनेत कोणतं गीत म्हणायचं, कोणत्या चालीवर, पेटीवर की कीबोर्डवर, हात जोडून की टाळ्या वाजवून, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. दोन्ही बाजूंचं म्हणणं मात्र एकच असतं: आमची उपासना खरी, तुमची वरवरची. म्हातारे म्हणतात, पोरांनी देवळाचा ऑर्केस्ट्रा केला. पोरं म्हणतात, म्हाताऱ्यांचं नुसतं पाठांतर, आत्मा कुठाय? बाहेरच्याला वाटेल हे मोबाइल आल्यापासूनचं दुखणं असावं. आमच्या घरातल्या जुन्या माणसांनी जे सांगून ठेवलंय त्यावरून पाहिलं, तर हे भांडण निदान सव्वाशे वर्षांचं आहे. फक्त दर पिढीला खरेपणाचा दाखला निराळ्या कचेरीतून आणावा लागला.

माझी आज्जी 1910च्या आसपासची. तिचे वडील मांग समाजातले. गावची हलगी त्यांच्या घराकडे. लग्नाच्या वरातीपुढे हलगी, मरीआईच्या गाड्यापुढे हलगी, मयतापुढे हलगी, दवंडीलाही हलगी. बोलावणं आलं की जायचं, हात सुजेस्तोवर वाजवायचं आणि लांबून टाकलेलं पदरात घेऊन यायचं. 1899-1900चा दुष्काळ पडला तेव्हा वराती बंद झाल्या आणि मयतं वाढली. पणजोबा तेव्हा तरणे होते. मिशनने काढलेल्या मदतीच्या कामावर ते खडी फोडायला गेले आणि तिथे त्यांनी पहिल्यांदा प्रार्थना ऐकली. नगरात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1831पासूनचं, त्यामुळे गोरा साहेब त्यांना नवा नव्हता. त्या साहेबाने आपल्या शेजारी बसून डोळे मिटावेत, हे नवं होतं.

पुढचं आज्जी रंगवून सांगायची. पणजोबांनी बाप्तिस्मा मागितला. "साहेब म्हनला, आत्ता नको. पाऊस पडू दे, पीक हाती येऊ दे, मग ये. तवा बापा म्हनला, साहेब, भरल्या पोटानं आलो तर खरा धरशाल ना? मग थांबतो."

थांबले. साहेबाचीही अडचण होती. दुष्काळात दारात उभ्या राहणाऱ्याची श्रद्धा कोणत्या तराजूत घालायची? भाकरीसाठी आलेले ख्रिस्ती नकोत, असं तिकडून अमेरिकेतून बजावलं जायचं. इकडे गाव म्हणत होतं, पोटासाठी बाटला. म्हणजे ज्यांना तो हवा होता आणि ज्यांना तो नको होता, त्या दोघांचा संशय एकच. गंमत अशी की पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या धर्मांतराविषयी हा प्रश्न कुणी विचारत नाही. उपाशी माणसाला देव खरोखरचा भेटू शकतो यावर भरल्या पोटाच्या लोकांचा विश्वास बसत नाही, आणि शुभवर्तमान वाचलं तर येशूच्या मागे गेलेली बहुतेक माणसं उपाशीच होती.

पीक आलं, पणजोबा गेले, बाप्तिस्मा झाला. अट एक: हलगी सोडायची. मूर्तीपुढे वाजलेलं वाद्य प्रभूच्या घरात चालणार नाही. त्यांनी ती जाळली नाही, विकली नाही, खुंटीला टांगली. लहानपणी आज्जी तिच्याकडे हात करायची तर आई दटावायची. कातडं सैल पडत गेलं, उंदरांनी कडा खाल्ल्या. मला आधी या गोष्टीत मिशनऱ्यांचाच राग यायचा: कलावंताच्या हातातली कला काढून घेतली! आज्जीला तो राग मान्य नव्हता. ती म्हणायची, "तुला काय ठावं? ती वाजवताना बापाला उंबऱ्याभायेर उभं ऱ्हावं लागायचं. देवळात सतरंजीवर बसायला मिळालं. हलगी गेली तर गेली." मिशनरी म्हणत होता हलगी अपवित्र, म्हणून सोड. पणजोबांनी सोडली ती निराळ्याच हिशेबाने.

पण हात कुठे ऐकतात? देवळात तेव्हा इंग्रजी गीतांची मराठी रूपांतरं म्हणत, परदेशी चालीवर, ओढून ओढून. पणजोबांची बोटं मांडीवर चालायची आणि मंडळी दुसऱ्या ओळीवर असताना हे चौथीवर पोहोचलेले असायचे. बाईसाहेब पेटीवरून मान वळवून पाहायच्या. आज्जी ते पाहणं करून दाखवायची: चष्म्याच्या वरून, भुवया उंच, बोट हवेत.

आता त्याच काळातली दुसरी बाजू. 1895 साली मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने देशी पाळकाच्या हातून. कोकणातला चित्पावन ब्राह्मण, कवी, वक्ता. ते नगरला आले, धर्मशास्त्राच्या शाळेत शिकवू लागले आणि त्यांनी ही ओढून म्हटलेली गीतं ऐकली. टिळकांच्या कानाला ती सहन होण्यासारखी नव्हती. ज्या मातीत ज्ञानोबा-तुकोबा झाले तिथे ख्रिस्ताची स्तुती भाषांतरित सुरात का करायची? त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदं लिहिली. आज आमच्या हातात जे 'उपासना संगीत' असतं त्यातला मोठा वाटा टिळकांचा आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचं सांगणं तर प्रसिद्धच आहे. त्यांच्याआधीही, 1860च्या दशकात, नगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव त्यात घेतलं जातं. टिळकांनी त्या प्रवाहाला मोठ्या कवीचा आवाज दिला.

आज टिळकांचा अभंग म्हणजे मराठी ख्रिस्ती उपासनेतलं सोनं. म्हातारे त्याच्यासाठी पोरांशी भांडतात. पण आज्जीच्या आईने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला काय वाटलं असेल? आज्जीच्या सांगण्याप्रमाणे देवळात कुजबूज झाली: "हे तर आपण सोडून आलो. टाळ परत कशाला?" जुन्या विश्वासणाऱ्यांना इंग्रजी चाल हीच ख्रिस्ती चाल वाटू लागली होती. ती परकी होती म्हणूनच खरी होती. तिला गावच्या कोणत्याही देवळाचा, कोणत्याही जातीचा वास नव्हता. टिळकांना अभंगात घर दिसत होतं. आमच्या लोकांना त्याच्या मागे एक गाव दिसत होतं, ज्याच्या वेशीबाहेर ते राहत होते. विठोबाच्या देवळात टाळ वाजताना आमची माणसं बाहेरच उभी असायची. चोखोबाही बाहेरच होता, हे टिळकांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं निराळं आणि उन्हात उभं राहणं निराळं.

म्हणून 'आपली भारतीय उपासना' असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात. आपली म्हणजे कुणाची? जॅक विन्स्लो नावाचे ऑक्सफर्डला शिकलेले इंग्रज धर्मगुरू नगर जिल्ह्यात काम करत होते. त्यांनी 1920 साली भारतीय पद्धतीच्या प्रभुभोजनविधीचा पुरस्कार करणारं पुस्तक लिहिलं, 1922 साली ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला, जो पुढे पुण्याला गेला. खादी, जमिनीवर बैठक, शाकाहारी जेवण. वेरियर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात. विन्स्लोंनी टिळकांचं चरित्रही लिहिलं. या माणसांबद्दल मला आदर आहे. साहेबी सोडून जमिनीवर बसणं त्या काळी सोपं नव्हतं. पण माझ्या पणजोबांना त्याच वर्षांत देवळात बाक आले याचा आनंद झाला होता. पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसवलेल्या माणसाला बाकावर बसणं ही भक्तीच वाटत होती, आणि ज्यांच्या घरी खुर्च्या होत्या ते जमिनीवर बसून भक्ती शोधत होते. दोघेही खरे. फक्त पुस्तकं एकाच बाजूने लिहिली. दुसरी बाजू विद्यापीठात मांडली जायला 1981 उजाडलं, जेव्हा बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी विचारलं की भारतीय ख्रिस्ती धर्मविचार म्हणजे ब्राह्मणी परंपरेशीच बोलणं का? दलित धर्मविचाराची सुरुवात तिथून धरतात. आज्जीने निर्मळांचं नाव ऐकलं नव्हतं. विचार मात्र तिच्या घरचाच होता.

तरी कीर्तनाने आमच्या लोकांना जिंकलं, हेही सांगायला हवं. कुजबूज फार वर्षं टिकली नाही. आज्जी दहा-बारा वर्षांची असताना नाताळात कीर्तनकार यायचे. व्यासपीठ भिंतीकडे सरकवायचं, सतरंजी अंथरायची, पेट्रोमॅक्स टांगायचा. बुवा फेटा, उपरणं, हातात चिपळ्या घेऊन उभे. पूर्वरंगात एक वचन घेऊन त्याची फोड, उत्तररंगात कथा. आज्जीची आवडती कथा उधळ्या पुत्राची. बुवांचा उधळ्या पुत्र दूर देशी जायचा म्हणजे मुंबईला जायचा, पैसे तमाशात उडवायचा, आणि डुकरं राखायची वेळ आली की बुवा कंबरेला उपरणं बांधून खरोखर डुकरं हाकायचे. पोरं लोळून हसायची. मग बाप लांबून मुलाला पाहून धावतो तिथे बुवा एक अभंग लावायचे आणि हसणाऱ्या बायांच्या डोळ्यांना पदर जायचा.

एका नाताळात आज्जीच्या आईने कीर्तन संपल्यावर बुवांना विचारलं, "बाप धावला ते बरं झालं. पन त्याची आई कुठं व्हती?" बुवा गप्प. शास्त्रात आईचा उल्लेख नाही. पुढच्या वर्षी बुवा आले तेव्हा कथेत आई आली: रोज रात्री मुलाच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवणारी. बायका हमसाहमशी रडल्या. पाळकसाहेबांनी नंतर बुवांना बाजूला घेऊन खडसावलं की वचनात भर घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. त्यानंतर बुवांनी आई काढली की ठेवली, यावर आज्जीच्या सांगण्यात दर वेळी फरक पडायचा. पाळकसाहेबांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ग्रंथाला धरून चालणाऱ्या धर्मात ग्रंथाची राखण कुणीतरी करायलाच हवी. पण आमच्या घरात तो दृष्टांत आजही भाकरीसकटच सांगतात.

ग्रंथ आणि गाणं यांची ही ओढाताण महाराष्ट्राला फार जुनी आहे. गोव्यात 1579 साली आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते 1616 साली राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्याच्या प्रस्तावनेच्या भागात एक नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं काही का देत नाही? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. शेवटी पाद्रीला पुराणच लिहावं लागलं. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलं. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितं आणि लोकांचे गळे यांनी ते वाचवलं.

आमच्या घरातली तिसरी बाजू आज्जीच्या मावशीची. ती दुष्काळात पोरकी झाली आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. मोठेपणी ती सुट्टीला यायची तेव्हा तिची प्रार्थना ऐकून घर दचकायचं. मोठ्याने, रडत, अंग हलवत. आज्जीच्या घरी प्रार्थना म्हणजे एकाने बोलायची, बाकीच्यांनी डोळे मिटून आमेन म्हणायचं. मावशीला याचा राग येई. "देवाला काय अर्ज लिहिताय काय? बोला की तोंड उघडून!" 1905च्या जूनमध्ये केडगावला जे संजीवन झालं ते तिने लहानपणी पाहिलं होतं. रात्री मुली उठून पापं कबूल करू लागल्या, शेकडो जणी एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, काहींना अंगात आग पेटल्यासारखं वाटू लागलं. पुढे अनोळखी भाषांत बोलण्याचेही प्रकार झाले. बऱ्याच मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. हिंदुस्थानी बायकांचं अंगात येणं, दुसरं काय, असंही म्हणणारे होते. रमाबाईंनी मात्र ते दडपलं नाही. भारतीय माणसांचं संजीवन त्यांच्या स्वभावाला आणि भावनांना साजेसंच होऊ द्या, पाश्चात्त्य शिस्तीत बसवू नका, अशी त्यांची भूमिका होती.

याच रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं तेव्हा हिंदू तत्त्वज्ञानाची छाया पडेल असे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. टिळक तुकोबाला बरोबर घेऊन देवळात शिरत होते, रमाबाई पुराणांची पानं दाराबाहेर झटकून आत येत होत्या. दोघेही ब्राह्मण, दोघेही संस्कृतात मुरलेले, दोघांनाही परकी उपासना नको होती. रमाबाईंना देशी देह हवा होता, देशी ग्रंथ नको होता. टिळकांचं बरंचसं उलट. हा फरक का पडला याचं उत्तर मला बाई आणि पुरुष या फरकात दिसतं. पुराणांनी बाईशी काय केलं हे रमाबाईंनी पुराणं सांगत देशभर पायी फिरताना पाहिलं होतं.

टिळकही शेवटी मिशनच्या चौकटीत मावले नाहीतच. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त चालणार होते. ज्या दाराशी माझे पणजोबा पीक येईस्तोवर थांबले होते, ते दारच टिळक काढून टाकायला निघाले होते. दोन वर्षांत, 1919च्या मे महिन्यात, ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. आज्जीच्या वडिलांना म्हणे त्याचं कौतुक नव्हतं. "एवढं थांबून मिळालं, आन् आता बाप्तिस्म्याबगर बी चालतंय?" त्यांचा हा राग मला टिळकांच्या दरबाराइतकाच समजतो.

कॅथलिकांकडे बदल आला तो वरून, एकदम. शेजारच्या गावातल्या आज्जीच्या मैत्रिणी लॅटिन मिस्सा ऐकत मोठ्या झालेल्या. फादरची पाठ, घंटा, उदबत्तीसारखा धूप, आणि न कळणारी पण जिभेवर बसलेली उत्तरं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेला वाट मोकळी केली. 1969 साली रोमने भारतासाठी बारा गोष्टींना मान्यता दिली: गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, जमिनीवर बैठक, आरती, समई. मिस्सा मराठीत आली तेव्हा त्यातली एक म्हातारी म्हणाली होती, "आता समदं कळतंय, पन पयल्यावानी भ्या वाटत नाय." तिची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आणि सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते तिथे कसलीही मान्यता लागली नाही. लोक चालत येतात, नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात, पोरांना पाळण्यात बसवतात. आमची आज्जी प्रोटेस्टंट, त्यामुळे हे सगळं मूर्तिपूजेत जमा. पण धाकट्या काकाला टायफॉइड झाला तेव्हा तिने शेजारणीच्या हाती एक मेणबत्ती गुपचूप पाठवली होती, हे सगळ्या घराला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही.

पेटीचंही सांगून टाकतो. आज जे म्हणतात की देवळात देशी वाद्यंच हवीत, कीबोर्ड नको, त्यांच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम असते. ही बाई मूळची युरोपातली, मिशनऱ्यांच्या सामानात आलेली. ती आपली नाही म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिला दाराबाहेर काढलं ते थेट 1971पर्यंत. आमच्या देवळातली पेटी भात्याला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली, एक पट्टी दाबली की शेजारची सोबत वाजायची. नवीन कीबोर्ड आला तेव्हा ती पेटी जपून ठेवा म्हणून ठराव झाला. बाईसाहेबांच्या ज्या पेटीने माझ्या पणजोबांची लय मोडली, ती आता आमची परंपरा झाली आहे.

आता पुण्यात माझा भाचा जातो त्या सभेविषयी. पहिल्या मजल्यावरचा हॉल, काळे पडदे, ड्रमभोवती पारदर्शक काच, पडद्यावर गाण्याचे शब्द. गाणी हिंदी, काही इंग्रजी, एखादं मराठी, आणि हिंदी-मराठीही रोमन लिपीत. गाणाऱ्यांच्या कानात बोंडं, त्यात ठोका टिकटिकत असतो, म्हणजे कुणी माझ्या पणजोबांसारखा पुढे पळायला नको. सिडनीत किंवा कॅलिफोर्नियात यंदा जी चाल निघाली ती पुढच्या महिन्यात इथे. मी भाच्याला विचारलं, हे खरं कशावरून? तो म्हणाला, "मामा, इथं लोक रडतात. आपल्या चर्चमध्ये कुणाला रडताना बघितलंय का तू?" नव्हतं पाहिलं. त्याला मी केडगावच्या मावशीची गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर 1906 साली जे सुरू झालं त्याला ही मंडळी आपलं मूळ मानतात. त्याच्या आदल्याच वर्षी, पुणे-दौंड मार्गावरच्या एका स्टेशनाजवळ, मराठी-गुजराती पोरी तसंच रडत होत्या. भाच्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पास्टरलाही ठाऊक नव्हतं.

त्याच सभेत भाचा ऑक्टापॅड वाजवतो. एका गाण्यात त्याने काडी मारली आणि हलगी वाजली. खणखणीत, कडकडीत, विस्तवावर शेकलेल्या कातड्याची. मशीनमध्ये भरलेला आवाज, 'हलगी 2' की काय नाव. शेजारी आमचे तात्या बसले होते, आज्जीचे थोरले, नव्वदीला टेकलेले. त्यांना ऐकू कमी येतं, पण ते एवढं ऐकू आलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "चांगला हात आहे पोराचा. पन आमच्या आज्यानं वाजवली तवा त्याला दारात उभं केलं, आन् ह्याला स्टेजवर. हलगी तीच हाय का? नाय." मग थोडं थांबून म्हणाले, "गानं मातर काय कळलं नाय. अक्षरं इंग्रजी व्हती."

2020 साली देवळं बंद होती तेव्हा तात्यांनी मोबाइलपुढे पांढरा शर्ट घालून प्रभुभोजन घेतलं होतं. वाटीत काळ्या मनुका भिजवलेलं पाणी, बशीत चपातीचा तुकडा. काही पाळकांनी याला परवानगी दिली, काहींनी हे प्रभुभोजनच नव्हे म्हणून सांगितलं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, पाळकसाहेब घरात आले की घर देऊळ होतं, मग ते मोबाइलातून आले तर काय बिघडलं. धर्मशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला किती मार्क मिळतील कोण जाणे.

माझा निकाल विचाराल तर तो देशी-परदेशी, जुनं-नवं या कसोटीवर लागत नाही. अभंग परका वाटला होता, पेटी परकी होती, हलगी पापी होती, आरती रोमहून मंजूर होऊन आली. मी एवढंच पाहतो की शेवटच्या बाकावरच्या बाईला गाता येतंय का. कीर्तनात तिला येत होतं, ध्रुवपद तिचं असायचं. ओढून म्हटलेल्या इंग्रजी गीतातही तिला येत होतं, कारण ते दर रविवारी तेच असायचं. काळ्या पडद्याच्या हॉलमध्ये तिला येत नाही. ती श्रोता झाली आहे, रडली तरी श्रोताच. आणि आमच्या देवळातही तिला आता येत नाही, हे म्हाताऱ्यांनी ऐकून घ्यावं. कारण सोपं आहे. घरोघरी असलेल्या 'उपासना संगीता'त शब्द आहेत, गीताच्या डोक्यावर राग-ताल किंवा 'चाल' म्हणून एखाद्या जुन्या पदाचं नाव आहे. ते जुनं पद आज कुणालाच माहीत नाही. पाळक क्रमांक पुकारतात आणि मग मंडळीकडे पाहून विचारतात, "चाल कुणाला येते?" पूर्वी बायकांच्या बाजूने चार आवाज उठायचे. आता पाळक दुसरा क्रमांक पुकारतात. टिळकांची कितीतरी गीतं अशी छापील राहून मुकी झाली आहेत. त्यांच्यासाठी भांडणाऱ्यांनाही ती म्हणता येत नाहीत.

तात्यांच्या गळ्यात अजून बऱ्याच चाली आहेत. भाच्याने मोबाइलवर त्या घ्यायला सुरुवात केली आहे. तात्या लय सोडून पुढे पळतात, तो पळू देतो. तुमच्या घरात, मंडळीत, वस्तीवर असं कुणी म्हातारं असेल, मग ते नगरचं असो, वसईचं असो की जालन्याचं, तर त्याच्यापुढे या पावसाळ्यातच फोन धरा. गीताचा क्रमांक, गावाचं नाव आणि ही चाल कुणाकडून शिकलात, एवढं विचारून घ्या. खरी कोणती आणि खोटी कोणती हे मागाहून भांडता येईल.